कोणत्या मातीत राबलाय ते आधी सांगा : पंजाबच्या ट्रॅक्टर मंडीचा प्रवास

पहिला दिवस : परभणीहून सचखंड

जुना ट्रॅक्टर घ्यायला परभणीहून थेट पंजाबात कशाला जायचं, असं निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत लोक विचारत होते. आपल्याकडे एखाद्या गावात विकाऊ ट्रॅक्टर निघाला तर तो एकच असतो. पटला तर घ्यायचा, नाही तर दुसऱ्या गावाची वाट धरायची. तिकडे मोगा, तलवंडी भाई, बरनाला या पट्ट्यात मंडीच्या दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगाच्या रांगा लागतात. पंजाबचं पेरणीखालचं क्षेत्र सुमारे ४१ लाख हेक्टर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण चौथाई. तेवढ्या जमिनीवर ट्रॅक्टर मात्र पाच लाखांच्या आसपास आहेत. त्यात २०१८ पासून भाताचं काड न जाळता जमिनीत मिसळण्याच्या यंत्रांना अनुदान सुरू झालं. त्यातलं एक सुपर सीडर, म्हणजे काड मातीत मिसळत गहू पेरणारं यंत्र. ते ओढायला ५० एचपीच्या पुढचा ट्रॅक्टर लागतो. मग ज्याला जमलं त्याने मोठा घेतला आणि घरचा ३५-४० एचपीचा विकायला काढला. आपल्याकडच्या आठ-दहा एकरवाल्याला नेमका तोच हवा असतो.

मंडी भरण्याचं दुसरं कारण दुःखाचं आहे. कर्जावर उचललेला जवळजवळ नवा ट्रॅक्टर लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी रोख पैसा हवा म्हणून मंडीत उभा करणारे शेतकरीही तिथे भेटतात. अशा ट्रॅक्टरला आम्ही हात लावत नाही. बँकेचा बोजा उतरलेला नसतो आणि विकणाऱ्याच्या गळ्याला फास असतो.

सोबत मिस्त्रीचाचा होते. पाना धरायला मला त्यांनीच शिकवलं, आणि आजही सौद्याचा शेवटचा शब्द त्यांचा. जुनी यंत्रं पारखून आणायची आणि दुरुस्त करून गिऱ्हाइकाला द्यायची, हा आमचा धंदा. या खेपेला मागण्या दोन होत्या. जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला नऊ एकरांसाठी ४० एचपीचा ट्रॅक्टर हवा होता. त्यात चार एकर ऊस, म्हणजे रोटाव्हेटर आणि ट्रॉली दोन्ही ओढणारा. सेलूकडच्या एका शेतकरी गटाला हार्वेस्टर घ्यायचा होता, त्यासाठी आधी कुणीतरी जाणकाराने बघून यावं अशी त्यांची इच्छा होती.

नांदेडहून सकाळी निघणारी सचखंड एक्सप्रेस आमच्यासाठी सोयीची. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला देह ठेवला, तेव्हापासून या दोन मुलखांचा धागा जुळलेला आहे, आणि आज तो या गाडीने रोज विणला जातो. डब्यात निम्मे लोक हुजूर साहिबचं दर्शन घेऊन परतणारे. वाटेतल्या स्थानकांवर सेवेकरी लंगर घेऊन येतात. डबा पुढे करायचा, डाळ-भाजी आणि रोटी घ्यायची. पैसे विचारायचे नाहीत.

समोरच्या बाकावर बरनाल्याकडचे एक वयस्कर सरदारजी होते. आम्ही कशाला निघालोय हे कळल्यावर मनमाड ते भुसावळ त्यांनी दुसरा विषय काढला नाही. त्यांचं म्हणणं असं, की मॉडेल मागाहून विचारा, आधी गाव विचारा. सतलजच्या काठचा ट्रॅक्टर चिखलात राबलेला असतो, तिथे भाताची रोवणी. दक्षिणेकडे, भटिंडा-मानसाकडे, रेताड जमीन आणि कापूस, तिथला ट्रॅक्टर धुळीत राबलेला. एकाचा मागचा धुरा, म्हणजे ॲक्सल, खराब होतो, दुसऱ्याचं इंजिन. चाचांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, "लिहून घे बाबू." मी खरंच लिहून घेतलं.

मध्यरात्रीच्या सुमारास नर्मदा ओलांडली. पलीकडे बुदनी. तिथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था १९५५ पासून आहे. नव्या मॉडेलची ओढ, लिफ्ट, ब्रेक, डिझेलचा खप सगळं तिथे मोजलं जातं आणि त्याचा अहवाल निघतो. मी जुना ट्रॅक्टर उघडायच्या आधी त्या मॉडेलचा अहवाल मिळाला तर वाचतो. नवेपणी तो काय करू शकत होता हे ठाऊक असलं की आज किती झिजला हे सांगता येतं. खिडकीबाहेर काळोख होता आणि चाचा झोपले होते.

दुसरा दिवस : धुकं

जानेवारीतलं उत्तरेचं धुकं. गाडी दिल्लीच्या अलीकडेच रखडली. पानिपत, कुरुक्षेत्र, अंबाला करत लुधियानाला उतरलो तेव्हा रात्र झाली होती आणि थंडी हाडात शिरत होती. स्टेशनजवळच्या लॉजवर पाठ टेकली.

तिसरा दिवस : लुधियाना

सकाळी मिलर गंज. यंत्रं, पाने, बेअरिंग, लेथची हत्यारं यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. आम्हाला मंडीआधी सुट्या भागांचे भाव हवे होते, कारण जुन्या यंत्राची किंमत म्हणजे मागितलेली रक्कम अधिक दुरुस्तीचा खर्च. दुसरा आकडा ठाऊक नसताना पहिल्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. पिस्टन-लायनरचा संच, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मागच्या धुऱ्याची बेअरिंग आणि ऑइल सील, पुढची चाकं ज्यावर वळतात तो किंगपिन-बुशचा जोड, डिझेल पंपाचं एलिमेंट, नोझल, एवढ्यांचे भाव वहीत उतरवले. २०२५ च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, आणि टायर व सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर. नवा ट्रॅक्टर स्वस्त झाला की जुन्यालाही खाली यावंच लागतं. मंडीत बोलताना हा मुद्दा हाताशी ठेवायचा असं ठरलं.

सुट्या भागांत कंपनीचा माल, चांगला पर्यायी माल आणि नुसता चकचकीत माल असे तीन थर असतात. तिसऱ्याची किंमत मोहात पाडते. चाचांनी खिशातून मायक्रोमीटर काढला आणि एकाच डब्यातले तीन पिस्टन पिन मापले. तिन्हींची मापं वेगळी. दुकानदाराला काही न बोलता डबा परत ठेवला आणि दोन दुकानं पुढे जाऊन महाग संच घेतला. रिंगा बसवताना तोंडाची फट मापायची, लायनरची उंची ब्लॉकच्या वर किती राहते ते मापायचं, हे आमच्याकडच्या अनेक गॅरेजांत होत नाही. मग इंजिन करून आणलेला ट्रॅक्टर एका हंगामात तेल खायला लागतो आणि दोष त्या मॉडेलच्या माथी येतो. ही गोष्ट मला फार लागते. यंत्र वाईट नव्हतं, काम वाईट झालं होतं.

दुपारी बसने जगरांवमार्गे मोगा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू गुडघ्याच्या खाली, अधूनमधून मोहरीचा पिवळा पट्टा. जवळजवळ प्रत्येक घराच्या अंगणात ट्रॅक्टर, काही घरी दोन. संध्याकाळी मोग्यात मक्याची रोटी आणि सरसोंचं साग खाल्लं. पहाटेसाठी रिक्षा ठरवली.

चौथा दिवस : तलवंडी भाई

मोग्याहून फिरोजपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तलवंडी भाई लागतं. आम्ही उजाडायच्या आधी पोहोचलो ते मुद्दाम. व्यापाऱ्यांचे ट्रॅक्टर आदल्या रात्रीपासून उभे असतात, त्यामुळे इंजिन बर्फासारखं गार असतं. गरम इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होतं, त्यात परीक्षा नाही. जानेवारीच्या पहाटे गार इंजिन किती फिरवल्यावर धरतं, सुरू झाल्यावर धुराचा रंग कोणता आणि तो किती वेळ टिकतो, हे पाहिलं की आतलं बरंच कळतं. सुरुवातीचा पांढरा धूर थोड्या वेळात विरायला हवा. निळा धूर चालूच राहिला तर तेल जळतंय. काळा असेल तर नोझल, पंप किंवा हवेच्या वाटेकडे बघायचं. त्यानंतर ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीवर तळहात धरायचा. तिथून फुफाट्यासारखी हवा येत असेल तर रिंगांमधून दाब खाली उतरतोय, म्हणजे निदान हाफ इंजिनचं, पिस्टन-रिंगा-लायनर बदलायचं, काम.

धुकं उतरत गेलं तसे ट्रॅक्टर दिसू लागले. सर्वांत जास्त स्वराज. हे यंत्र पंजाबचं घरचं. दुर्गापूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत भारतीय इंजिनिअरांनी आराखडा केला, १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स उभी राहिली आणि १९७४ मध्ये मोहालीतून पहिलं ७२४ बाहेर पडलं. परक्या कंपनीचा आराखडा विकत न घेता बनवलेला हा ट्रॅक्टर आजही ७३५ आणि ८५५ च्या रूपात गावोगाव आहे. त्याच्या शेजारी मॅसी, फार्मट्रॅक, सोनालिका, आयशर, महिंद्रा, आणि मधूनच एखादा जुना फोर्ड. मडगार्डवर मोठे स्पीकर, पुढे लोखंडी बंपर, दिव्यांच्या माळा. विकताना मालक स्पीकर काढून नेतो आणि वायरी लोंबकळत राहतात. त्या वायरी बघून डायनामो आणि बॅटरी तपासायची.

इथे आणखी एक गोष्ट ओळखावी लागते. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने एकमेकांना ओढायचे, या खेळाला टोचन म्हणतात. पुढची चाकं उचलून स्टंट करायचाही नाद होता. २०२३ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात अशा स्टंटमध्ये एका तरुणाचा जीव गेला आणि पंजाब सरकारने ट्रॅक्टरच्या स्टंटवर बंदी घातली. अशा खेळातून आलेला ट्रॅक्टर बाहेरून देखणा असतो. आत मात्र मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्राउन-पिनियन या गिअरांना आणि मागच्या धुऱ्याला असा ताण बसलेला असतो की तो कुठल्याही नांगराने बसत नाही. मागची साखळी अडकवायची जागा ओढून वाकली आहे का, हाउसिंगवर वेल्डिंगची रेघ आहे का, हे चाचा गुडघ्यावर बसून बघत होते. दोन देखणे ट्रॅक्टर आम्ही तिथेच सोडले.

एक ट्रॅक्टर फार स्वस्तात मिळत होता. मॉडेल अलीकडचं, टायर नवे, कागदांची फाइल तयार. मी चेसिस नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. शेवटचे तीन आकडे बाकीच्यांपेक्षा उथळ उमटले आणि त्यांच्यातलं अंतरही सारखं नव्हतं. फोनवर चोरीच्या वाहनांची सरकारी नोंद तपासायलाही मी थांबलो नाही. "नमस्कार, बघून सांगतो," म्हणालो आणि पुढे गेलो. अशा वेळी वाद घालायचा नाही. परक्या मुलखात तर अजिबात नाही.

लिफ्टची परीक्षा मंडीतही करता येते. मागे एखादं वजन, तिथे कुणाचा तरी कल्टिव्हेटर उभाच असतो, उचलायचं, इंजिन बंद करायचं आणि चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत कल्टिव्हेटर जमिनीला टेकला असेल तर लिफ्टच्या पिस्टनचं सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे. गिअरची परीक्षा अशी, की चढावर चालवून अचानक ॲक्सिलेटर सोडायचा. दात झिजलेला गिअर तेव्हाच निसटतो. पुढचा धुरा जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवलं की किंगपिन आणि बुश किती सैल आहेत ते हाताला कळतं. मीटरवर दाखवलेल्या तासांवर मी विसंबत नाही. क्लचच्या पायट्याचं रबर, सीटखालची पत्र्याची झीज आणि पीटीओच्या, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या, दांड्याचे खाचे मीटरपेक्षा प्रामाणिक असतात.

आणि दरवेळी गाव विचारायचं. भटिंड्याकडच्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर उघडला तर तेलाच्या वाटीत बोटभर जाडीचा गाळ. ती वाटी वेळच्या वेळी धुतली नसेल तर तीच रेती सिलिंडरमध्ये गेलेली असते. त्या भागात बोअरचं पाणी खारं. रेडिएटरच्या तोंडाशी पांढरा थर दिसला की ब्लॉकच्या आतही तोच थर आहे, आणि मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये तो ट्रॅक्टर हमखास तापणार. हा दोष पंजाबच्या थंडीत कुणालाच दिसत नाही.

दुपारपर्यंत आमच्या पसंतीला एकही उतरला नाही. मंडीत आलेल्या ट्रॅक्टरला रंग असतो. आम्हाला न रंगवलेला हवा होता. शेवटी चहाच्या टपरीवर एका अडत्याने सांगितलं, की झिऱ्याकडच्या एका गावात घरचा स्वराज आहे, मालक मंडीत आणायला तयार नाही, घरीच या म्हणतो. चाचा तेवढ्यावरच उठले. "जो घरी बोलावतो तो लपवत नाही," म्हणाले.

पाचवा दिवस : झिऱ्याजवळचं गाव

झिरा सतलजच्या बाजूला. भाताचा मुलूख. घरमालक साठीच्या पुढचे, त्यांना आम्ही दार्जी म्हणू लागलो कारण त्यांची सूनही तेच म्हणत होती. आधी चहा, मग पिन्नी, म्हणजे तिकडचे लाडू, मग परत चहा. ट्रॅक्टरकडे न्यायची घाई त्यांना नव्हती. आम्हालाही नव्हती.

ट्रॅक्टर २०१३ चा स्वराज ७३५, ४० एचपी, तीन सिलिंडर. मूळ निळा रंग उन्हाने फिका झालेला, कुठेही नवा हात मारलेला नाही. मागच्या चाकांच्या रिमवर केज व्हील अडकवायची भोकं होती. रोवणीआधी शेतात पाणी भरून चिखल करायचा, त्याला तिकडे कद्दू म्हणतात. त्या वेळी चाकाला ही लोखंडी जाळी लावतात. त्याने चाक चिखलात धसत नाही. पण ओझं टायरच्या बाहेर पडतं, आणि मागच्या धुऱ्याच्या बेअरिंगवर तेवढा जास्त ताण येतो. चिखलाचं पाणी सीलला खातं. त्यामुळे चाचांनी इंजिनाआधी मागची चाकं बघितली. ब्रेकच्या ड्रमखाली तेलाचा ओघळ होता. सील गेलेलं, तेल ब्रेकच्या लायनरपर्यंत पोहोचलेलं.

दार्जींनी स्वतःच सांगितलं, की दोन वर्षांपासून उजवा ब्रेक धरत नाही, किंगपिन सैल आहेत, पुढचे टायर संपलेत. इंजिन एकदाही उघडलेलं नाही. ते आम्ही गार असतानाच सुरू करून पाहिलं, आणि ब्रीदरवर हात धरल्यावर जाणवेल न जाणवेल एवढीच हवा येत होती. डिपस्टिकवरचं तेल काळं पण एकजीव, पाण्याचा दुधट रंग नाही. एअर क्लीनरची वाटी स्वच्छ. शेतात नेऊन कल्टिव्हेटर लावला, चार फेऱ्या मारल्या. लिफ्ट टिकली. तिसऱ्या गिअरात ओढ कमी पडली नाही.

मला हाच ट्रॅक्टर हवा होता, आणि त्याचं कारण आपली माती. चिखलाने त्याचं जे बिघडवलं ते सगळं बाहेरच्या बाजूला होतं : सील, बेअरिंग, ब्रेक, किंगपिन. काळ्या मातीत नांगरताना जो भार येतो तो इंजिन आणि गिअरपेटीवर, आणि त्या दोन्ही शाबूत होत्या. रेताडातला ट्रॅक्टर घेतला असता तर बरोबर उलटं झालं असतं. धुरा चांगला मिळाला असता, पण इंजिनाचा खर्च माथी आला असता.

किंमत ३ लाख ४० हजारांपासून सुरू झाली. मी वही काढून दुरुस्तीचा हिशेब ओळीने वाचून दाखवला, लुधियानाच्या भावांसकट. दार्जींनी तो लक्ष देऊन ऐकला, दोन ठिकाणी माझा आकडा कमी आहे असं सांगून वाढवायला लावला, आणि ३ लाख ५ हजारांना हात मिळवला. अशा माणसाशी सौदा करताना फार बरं वाटतं.

त्यांच्या गोठ्यात कापडाखाली एक एचएमटी ५९११ होता. ५९ एचपी, चार सिलिंडर. पिंजोरच्या एचएमटी कारखान्यात झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरशी करार करून १९७१ पासून ट्रॅक्टर बनत होते. २०१६ मध्ये तो विभाग बंद झाला. पंजाबी गाण्यांमुळे हल्लीच्या पोरांत या मॉडेलचं वेड आहे, आणि चांगला जपलेला ५९११ असेल तर त्याचा भाव वयाप्रमाणे उतरत नाही. चाचांची उमेदीची वर्षं एचएमटीवर गेलेली. त्यांनी परवानगी मागून बॉनेट उघडलं, पंपाकडे बघितलं, आणि दार्जींना विचारलं, "देणार?" दार्जी म्हणाले, "हा नाही. हा नातवाचा." चाचांनी बॉनेट लावलं, कापड नीट ओढून घेतलं. सरकारी कारखाना बंद झाला म्हणून यंत्र मरत नाही, जोवर त्याचे भाग बनवणारे आणि बसवणारे हात आहेत. एचएमटीचे भाग आजही लुधियानात मिळतात, हे मी परवाच डोळ्यांनी पाहिलं होतं.

सहावा दिवस : कागद आणि ट्रक

या दिवसाचं वर्णन लोकांना कंटाळवाणं वाटतं, पण जुन्या यंत्राच्या धंद्यात माणूस बुडतो तो इथेच. आर.सी. बुकावर बँकेचं नाव होतं. कर्ज फिटलेलं, तरी नोंद उतरवलेली नव्हती. त्यासाठी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यात न्यायचं म्हणून एनओसीसाठी फॉर्म २८. नावावर करायला २९ आणि ३०. दार्जींच्या मुलाने बँकेतून पत्र आणलं आणि अर्ज भरला. एनओसी हातात यायला काही दिवस जातात, म्हणून ठरलेल्या रकमेतले ४० हजार मागे ठेवले, ते कागद आल्यावर द्यायचे असं लिहून दोघांनी सह्या केल्या. नोंदणीची १५ वर्षं २०२८ मध्ये संपतील आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागेल, हेही मी गिऱ्हाइकाला सांगण्यासाठी टिपून ठेवलं.

तलवंडीत ट्रक ठरला. त्यात हिंगोलीकडच्या एका व्यापाऱ्याचे दोन ट्रॅक्टर आधीच होते, आमचा तिसरा. भाडं वाटून आमच्या वाट्याला २८ हजार. मातीच्या उंचवट्याला ट्रक मागून लावतात आणि ट्रॅक्टर चालवत आत नेतात. मागच्याची पुढची चाकं पुढच्याच्या मागे उचलून बसवतात, म्हणजे जागा वाचते. चाकांना लाकडी ठोकळे, चारी बाजूंनी साखळी. डिझेलची टाकी जवळजवळ रिकामी केली, बॅटरीची तार काढली. हिसार, जयपूर, कोटा, इंदूर, सेंधवा, धुळे असा साधारण १७०० किलोमीटरचा रस्ता.

सातवा दिवस : नाभा आणि भादसों

मोग्याहून बरनाला, संगरूर करत नाभ्याला गेलो. पटियाला जिल्ह्यातला हा भाग म्हणजे कंबाइन हार्वेस्टरचं माहेर. नाभा, भादसों इथले कारखाने देशभर यंत्रं पाठवतात, आणि त्यांच्या आसपास जुन्या यंत्रांची आवारं आहेत. जानेवारीत तिथे सगळीकडे दुरुस्ती चालू असते. मार्च लागला की इथल्या टोळ्या मध्य प्रदेशात गहू कापायला उतरतात आणि पिकाच्या मागे मागे वर सरकत एप्रिलमध्ये आपल्या पंजाबात परततात. आपल्याकडे सोयाबीन, हरभरा आणि गव्हाला येतात त्या याच टोळ्या. एका आवारात भेटलेला ड्रायव्हर लातूर, उदगीर, अहमदपूर अशी गावं आमच्यापेक्षा भरभर सांगत होता.

गटासाठी तीन यंत्रं पाहिली. हार्वेस्टरमध्ये इंजिनापेक्षा आतला मळणीचा ड्रम आणि त्याखालची जाळी, म्हणजे कॉन्केव्ह, महत्त्वाची. भाताच्या काडात सिलिका असते, ती लोखंड घासून काढते. भात कापलेल्या यंत्राच्या कोपऱ्यांतले पत्रे कागदासारखे पातळ झालेले असतात. हातोडीने हलकेच ठोकलं की आवाजावरून कळतं. दुसरी गोष्ट ड्रमच्या दातांची. भाताला खुंट्यांचा ड्रम चालतो, गव्हाला आडव्या खाचदार पट्ट्यांचा. सोयाबीनला ड्रमचे फेरे गव्हाच्या निम्म्याच्या आसपास आणावे लागतात आणि जाळीची फट वाढवावी लागते, नाही तर दाणा फुटून डाळ होते आणि बियाण्याचा भाव जातो. फेरे कमी करायची सोय, पुलींचा संच किंवा व्हेरिएटर, तिन्हींपैकी एकाच यंत्रात नीट होती. त्याचं एक्सल आणि कटर बार चांगले होते, पण लोखंडी पत्र्यांचं काम बरंच निघालं असतं.

मी त्या आवारातूनच गटाच्या अध्यक्षांना फोन लावला. त्यांचं क्षेत्र, एका हंगामात मिळणारे दिवस, आणि पंजाबी टोळी एकराला घेते तो दर असा हिशेब मांडला. माझं मत स्पष्ट दिलं : हरभरा आणि सोयाबीन दोन्ही धरूनही तुमच्या गटाला यंत्र वर्षातून फार थोडे दिवस पुरेल, आणि उरलेले दिवस ते चालवायला ड्रायव्हर तुमच्याकडे नाही. भाड्याने फिरवायची तयारी असेल तरच घ्या. इसार दिला नाही. फोटो आणि पत्र्यांच्या कामाचा अंदाज पाठवला, निर्णय त्यांच्यावर सोपवला. कमिशन बुडालं तरी चालेल, पण आवारात गंजणारं यंत्र मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही.

रात्री अंबाल्याहून परतीची गाडी धरली.

ट्रक आला तो दिवस आणि पुढचे

ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये उतरला तेव्हा जिंतूरचे शेतकरी आधीच येऊन बसले होते. आम्ही काम त्यांच्यासमोर सुरू केलं. मागचे दोन्ही धुरे उघडले. डाव्या बाजूचं बेअरिंग घासलेलं, उजव्या बाजूचं तुटायच्या बेतात. चार सील, दोन बेअरिंग, ब्रेकचे लायनर, किंगपिन-बुशचा जोड, क्लच प्लेट. रेडिएटर उतरवून आतला थर काढला, कारण दार्जींचं पाणी गोड असलं तरी बारा वर्षं ते नुसतंच पाणी होतं. आता कूलंट भरलं. नोझल परभणीत टेस्ट बेंचवर लावले, एकाची फवारणी तिरकी होती तेवढी बदलली. इंजिन उघडलं नाही. जे चांगलं चाललंय ते उघडून बघायची हौस चाचांना नाही आणि मलाही नाही.

मग मातीप्रमाणे जुळवणी. मागच्या रिम उलट्या बसवून चाकांमधलं अंतर वाढवलं, पुढचा धुराही तेवढा बाहेर काढला, म्हणजे सोयाबीनच्या रुंद सरी-वरंब्यावर चाक सरीतून जाईल. काळ्या जमिनीत पल्टी नांगर ओढताना चाक घसरू नये म्हणून बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजनं लावली आणि मागच्या टायरमध्ये पाणी भरलं. पुढचे टायर नवे. ट्रॉलीसाठी हुकची पिन बदलली, दोन्ही ब्रेक सारखे धरतात का ते उतारावर भरल्या ट्रॉलीसह बघितलं. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला हे केल्याशिवाय मी रस्त्यावर जाऊ देत नाही.

रंग मारला नाही. शेतकऱ्यांनी विचारलं, तेव्हा सांगितलं की हवा असेल तर एक हंगाम वापरून मग मारा, म्हणजे कुठे तेल गळतं ते दिसेल. दुरुस्तीला ४६ हजार लागले. सगळा खर्च आणि आमची मजुरी धरून ३ लाख ९८ हजारांना व्यवहार झाला. बदललेले जुने भाग पोत्यात भरून ट्रॅक्टरसोबत दिले, वहीचं पानही दिलं : कुठल्या गावचा, कोणत्या पिकात राबलेला, काय बदललं, काय तसंच ठेवलं. पानाच्या शेवटी लिहिलं आहे की पीटीओचे खाचे मध्यम झिजलेत, दोन-तीन वर्षांत दांडा बदलावा लागेल.

एनओसी पंधरवड्याने आली, त्याच दिवशी दार्जींचे ४० हजार पाठवले. आता परभणीच्या आरटीओत तपासणीची तारीख मिळायची आहे. सेलूच्या गटाने हार्वेस्टरचा विचार यंदापुरता सोडला आणि त्याऐवजी रुंद सरी-वरंब्यावर पेरणारं जुनं बीबीएफ यंत्र बघायला सांगितलं आहे.